डिस्प्ले नन, परत तेच!

आज पुन्हा तेच. सात रस्त्याजवळच्या ऑफिसात बसून चादरीवाल्यांच्या साइटचं काम चाललंय. मालकांचं म्हणणं साधं: "साहेब, साइजचा तक्ता दाबला की हळूच उघडावा, हळूच मिटावा." मागणी रास्तच आहे हो! पण करायला बसलं की डोकं उठतं.

सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, डिस्प्ले नन (वस्तू पानावरून काढून टाकायची सूचना) दिलं की तक्ता फटकन गायब. ट्रान्झिशन, म्हणजे बदल हळूहळू घडवणारी ओळ, लिहिलेली तशीच पडून राहते, कारण नन (गायब) आणि ब्लॉक (हजर) यांच्या मधे काही पायरीच नाही. बरं, ओपॅसिटी (अपारदर्शकता) शून्य केली. दिसायचा बंद झाला, पण जागा अडवून तिथंच बसला, वर क्लिकही खातोय! खालचं 'ऑर्डर करा' बटण दाबून दाबून मालक वैतागले. हाइट (उंची) शून्यापासून ऑटोपर्यंत, म्हणजे मजकुराला लागेल तितकी, न्यावी, तर तेही सरळ हलत नाही. मग तो मॅक्स-हाइटचा (जास्तीत जास्त उंचीचा) जुगाड: 1000 पिक्सेल द्यायचे, तक्ता असतो 200 चा. मिटवताना आधी काहीच हलत नाही, मग एकदम धपकन बसतो.

जेक्वेरी ही जावास्क्रिप्टच्या तयार कोडची लायब्ररी 2006 सालची. तिच्यात स्लाइडटॉगल, म्हणजे हे हळूच उघडणं-मिटणं, एका ओळीत व्हायचं. आणि सीएसएसमध्ये डिस्प्ले नन असतानाही हळूच उघड-मीट करू देणारं अलाऊ-डिस्क्रीट, स्टार्टिंग-स्टाइल क्रोममध्ये आलं 2023 ला! इतकी वर्षं आम्ही काय करायचं होतं? अजूनही जुन्या मोबाइलवाल्या गिऱ्हाइकाकडे तक्ता फटकनच उघडतो, आणि फोन मलाच येतो.