आर्मस्ट्राँगच्या फिरत्या गोष्टीतल्या चुका

एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग या अमेरिकन इंजिनिअरची एक गोष्ट वरचेवर फिरत असते. सांगणाऱ्यागणिक थोडीफार बदलते, पण गाभा तोच: एका एकांड्या माणसाला एफएम रेडिओ सुचला, तज्ज्ञांनी गणित मांडून त्याला वेड्यात काढलं, आरसीए कंपनीच्या डेव्हिड सार्नॉफने त्याचा शोध चोरला, सरकारला हाताशी धरून एफएमचा बँडच, म्हणजे त्याला नेमून दिलेला फ्रिक्वेन्सीचा पट्टाच, हलवला, आणि कंगाल झालेल्या आर्मस्ट्राँगने 1954 साली आयुष्य संपवलं. जग त्याला विसरून गेलं.

हा माणूस मला फार जवळचा वाटतो, आणि म्हणूनच ही गोष्ट मला खुपते. त्याच्यावर अन्याय झाला हे खरंच आहे. पण त्याला बिचारा ठरवण्याच्या भरात त्याचं काम गळून पडतं, आणि त्याचं कामच तर पाहण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट, एफएम त्याला ‘सुचलं’ ही. लहरीची फ्रिक्वेन्सी बदलून आवाज पाठवायचा विचार त्याच्या आधी अनेकांनी केला होता. त्यांना वाटत होतं की फ्रिक्वेन्सी अगदी थोडीशीच हलवली तर स्टेशनला जागा कमी लागेल आणि रेडिओचा बँड अरुंद करता येईल. एटी अँड टी कंपनीच्या जॉन कार्सनने 1922 साली गणिताने दाखवून दिलं की असं होणार नाही; एफएमला जागा तेव्हाच्या रूढ पद्धतीइतकी, म्हणजे एएमइतकी तरी लागणारच. फिरत्या गोष्टीत कार्सन खलनायक असतो. पण त्याचं हे गणित बरोबर होतं, आणि आजही एफएम स्टेशनला किती जागा लागेल हे इंजिनिअर कार्सनच्याच नियमाने काढतात. फ्रिक्वेन्सी दोन्ही बाजूंना 75 किलोहर्ट्झ हलते, आवाजातला सगळ्यात बारीक सूर 15 किलोहर्ट्झचा. दोन्हींची बेरीज 90, दुप्पट केली की 180. म्हणून अमेरिकेत एका स्टेशनला 200 किलोहर्ट्झची पट्टी मिळते. तिथल्या एएम स्टेशनची पट्टी 10 किलोहर्ट्झची असते.

आर्मस्ट्राँगने प्रश्नच बदलला. त्याला जागा वाचवायची नव्हती, खरखर घालवायची होती. कोलंबिया विद्यापीठातल्या मायकेल प्युपिन या आपल्या प्राध्यापकांबरोबर तो त्या खरखरीमागे वर्षानुवर्षं लागला होता आणि बराच काळ हाती काही आलं नव्हतं.

एएममध्ये आवाज लहरीच्या उंचीवर चढवलेला असतो. जवळपास वीज चमकली किंवा एखादी मोटर चालू झाली की तीही लहरीची उंचीच हलवते, आणि गाणं कुठलं, कडकडाट कुठला हे रिसीव्हरला ओळखता येत नाही. एफएममध्ये उंची कायम राहते, फ्रिक्वेन्सी मागेपुढे होते. मग रिसीव्हरमधली लिमिटर नावाची पायरी लहरीचे शेंडे सपाट छाटून टाकते आणि शेंड्यांवर बसलेली खरखर त्यांच्याबरोबरच जाते. पण सगळी नाही जात. खरखर लहरीची फ्रिक्वेन्सीसुद्धा थोडीशी डळमळवते, आणि तिथे लिमिटरचं काही चालत नाही. आवाजाने फ्रिक्वेन्सी जेमतेम हलवली असेल तर ही डळमळ त्याच्या तोडीची होते. आवाजाने ती पंचाहत्तर किलोहर्ट्झ झोकून दिली असेल तर तीच डळमळ नगण्य ठरते. खरखर कमी करायची तर पट्टी अरुंद करा, हे तेव्हाच्या रेडिओवाल्यांना पाठ होतं. आर्मस्ट्राँगने पट्टी रुंद केली. 26 डिसेंबर 1933 रोजी त्याला मिळालेली पेटंट्स या रुंद पट्टीची आहेत. नुसत्या एफएमचा जनक म्हटलं की नेमकी ही करामत झाकली जाते.

ती लोकांना पटवायची त्याची रीतही इंजिनिअरची होती. 5 नोव्हेंबर 1935 रोजी न्यूयॉर्कमध्ये रेडिओ इंजिनिअरांच्या सभेत त्याने निबंध वाचला आणि मग रिसीव्हर लावला. कार्यक्रम येत होता यॉन्कर्समधल्या एका हौशी रेडिओवाल्या मित्राच्या घरून. तिथे ग्लासात पाणी ओतलं, कागद चुरगळला, फाडला. सभागृहात बसलेल्यांना पाणी पाण्यासारखं आणि कागद कागदासारखा ऐकू आला.

एकांडा संशोधक हे चित्रही नीट बसत नाही. तुमच्या घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर त्याचं मागचं झाकण उघडून बघा. आत पत्र्याच्या छोट्या चौकोनी डब्या दिसतील, डोक्यावर पिवळा, पांढरा, काळा रंग लावलेल्या. त्या आयएफच्या, म्हणजे मधल्या ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या डब्या, बहुतेक 455 किलोहर्ट्झला जुळवलेल्या. तुम्ही 1000 किलोहर्ट्झचं स्टेशन लावलं की सेटमधला ऑसिलेटर, म्हणजे सेटमध्येच लहर तयार करणारा भाग, 1455 वर जातो. 1200 चं लावलं की 1655 वर. दोन्ही लहरी मिसळल्या की मिळणारा फरक नेहमी 455 च. म्हणजे स्टेशन कुठलंही असो, पुढच्या डब्यांना एकाच फ्रिक्वेन्सीवर काम करायचं असतं, आणि ते त्या उत्तम करतात. याला सुपरहेटरोडाइन म्हणतात. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये असताना, 1918 साली पॅरिसमध्ये, आर्मस्ट्राँगने हे सर्किट उभं केलं. पुढे रेडिओ काय, टीव्ही काय, रडार काय, सगळे याच तत्त्वावर चालले. माझ्या मते एफएमपेक्षाही हे काम मोठं आहे, आणि फिरत्या गोष्टीत ते बहुधा नसतंच.

पण त्याच सुमारास फ्रान्समध्ये ल्युसियाँ लेव्ही आणि जर्मनीत वॉल्टर शॉटकी याच दिशेने निघाले होते. लेव्हीचा अर्ज आधीचा होता आणि अमेरिकेतल्या पेटंटच्या भांडणात त्याचा दावा बऱ्याच अंशी टिकला. हे सांगितल्याने आर्मस्ट्राँग लहान होत नाही. तीन देशांत तिघांना एकच गरज भासत होती. चालणारा रिसीव्हर बनवून पुढे नेला तो आर्मस्ट्राँगने.

आता आरसीए. गोष्टीत ही कंपनी पहिल्यापासून शत्रू असते. प्रत्यक्षात सुपररिजनरेशन या त्याच्या आणखी एका सर्किटच्या बदल्यात आरसीएनेच त्याला रोख रक्कम आणि शेअर दिले, आणि त्यामुळे तो त्या कंपनीचा सगळ्यात मोठा वैयक्तिक भागधारक झाला. सार्नॉफची सेक्रेटरी मॅरियन मॅकिनिस हिच्याशी त्याने 1923 साली लग्न केलं. एफएमच्या पहिल्या मोठ्या चाचण्या 1934 मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून झाल्या त्या आरसीएच्याच जागेतून. दुसऱ्या वर्षी त्याला सामान हलवायला सांगितलं गेलं, कारण ती जागा टेलिव्हिजनला हवी होती. या एका वाक्यात पुढचा सगळा तंटा आहे. आरसीएचा पैसा टेलिव्हिजनवर लागला होता, आणि टेलिव्हिजनला व एफएमला हवे असलेले बँड एकमेकांना लागून होते.

‘चोरी’ या शब्दाने काय घडलं ते कळत नाही. 1940 साली आरसीएने त्याला परवान्यापोटी एकरकमी 10 लाख डॉलर देऊ केले. त्याने नकार दिला. इतर कंपन्या विक्रीवर रॉयल्टी भरत होत्या. आरसीएला वेगळा न्याय लावला तर त्या कंपन्यांना काय तोंड दाखवायचं, हा त्याचा मुद्दा होता आणि तो रास्त होता. आरसीएने मग आमची पद्धत वेगळी असा पवित्रा घेऊन सेट बनवले. 1941 च्या अमेरिकन मानकाप्रमाणे टीव्हीचा आवाजही एफएमवरच होता, म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक टीव्हीत हा वाद होता. जुलै 1948 मध्ये त्याने आरसीए आणि तिच्या एनबीसी या प्रसारण कंपनीवर दावा लावला. लपवाछपवी नव्हती, सगळं उघड चाललं होतं. वकिलांची फौज असलेली कंपनी वेळ काढत होती आणि मूळ पेटंटची 17 वर्षं 1950 अखेर संपत होती. हा अन्याय चोरीपेक्षा थंड डोक्याचा आहे.

बँड हलवल्याचा आरोप मी पूर्ण फेटाळत नाही. 1945 साली एफसीसी या अमेरिकेच्या रेडिओ नियामक संस्थेने एफएमला 42–50 मेगाहर्ट्झवरून उचलून शंभरच्या आसपास नेलं आणि लोकांच्या घरातले लाखो सेट एका आदेशाने निरुपयोगी झाले. कारण दिलं गेलं ते वरच्या वातावरणावरून परावर्तित होऊन दूरची स्टेशनं मध्ये घुसतात हे. आर्मस्ट्राँगने ते खोडून काढायचा जीव तोडून प्रयत्न केला. रिकामा झालेला 44–50 चा तुकडा टेलिव्हिजनला चॅनल 1 म्हणून दिला गेला, तेव्हा शंका येणारच. पण त्या पट्ट्यात दूरची स्टेशनं खरंच घुसतात, उन्हाळ्यात विशेष. भीती वाढवून सांगितली गेली असं म्हणता येईल. ती बनावट होती असं नाही. आणि आजही एफएम 88 ते 108 वर उत्तम चालतं, हेही विसरून चालणार नाही.

ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाबरोबरचा खटला गोष्टीतून का वगळला जातो कळत नाही, कारण आर्मस्ट्राँगला सगळ्यात जिव्हारी लागला असेल तर तो. रिजनरेशनचं, म्हणजे नळीतून निघालेला सिग्नल पुन्हा तिच्यातच घालून वाढवायचं सर्किट आर्मस्ट्राँगने विद्यार्थी असताना 1912 साली शोधलं, ऑडिऑन ही रेडिओची व्हॅक्यूम नळी कशी चालते हे मोजमाप करून पुढे छापलं. नळी डी फॉरेस्टची, पण ती का चालते हे डी फॉरेस्टला नीट सांगता येत नव्हतं. तरी 1934 साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्यांदा डी फॉरेस्टच्या बाजूने कौल दिला. आर्मस्ट्राँग रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेने दिलेलं आपलं सन्मानपदक परत करायला तिच्या अधिवेशनात गेला. संस्थेने ते परत घ्यायला नकार दिला. पुढे 1941 मध्ये फ्रँकलिन पदक, 1942 मध्ये एडिसन पदक. आपल्या क्षेत्राने त्याला विसरलं, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

तो कंगालही नव्हता. खटल्यांनी आणि स्वतःच्या स्टेशनने त्याची संपत्ती झरझर आटत होती, संसारही विस्कटला होता, तो थकला होता. त्याच्या मृत्यूचं एकच कारण ठरवून एका माणसाच्या नावावर लिहून टाकणं मला पटत नाही. त्यानंतर मॅरियनने खटले सोडले नाहीत. आरसीएने डिसेंबर 1954 मध्ये सुमारे साडेदहा लाख डॉलरवर तडजोड केली. मोटोरोलाविरुद्धचा शेवटचा निकाल 1967 साली तिच्या बाजूने लागला. तेरा वर्षं लढलेली ही बाई गोष्टीत एका ओळीचीही धनी नसते.

न्यू जर्सीत अल्पाइन इथे त्याने स्वतःच्या पैशाने उभारलेला 425 फुटी मनोरा अजून आहे, आडव्या तीन भुजांचा. सप्टेंबर 2001 मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरवरचे अँटेना कोसळले, तेव्हा न्यूयॉर्कच्या काही टीव्ही स्टेशनांनी आपलं प्रक्षेपण या मनोऱ्यावरून सुरू केलं.