नव्वद दिवसांचे पाहुणे

पुण्यातील सदनिका विकून, मुलांना आपापल्या मार्गाला लावून आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा सहा महिन्यांचा साठा बरोबर घेऊन थायलंडच्या आखातातील समुई बेटावर उरलेले आयुष्य माडांच्या सावलीत काढण्याचा आपला निश्चय पक्का झाला असेल, तर प्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. चवेंगच्या किनाऱ्यावर पाच रात्री आणि सहा दिवस काढून पुढील तीस वर्षांचा निर्णय घेण्यात काहीही गैर नाही. आपल्या पिढीने कांदेपोह्यांच्या एका बशीवर लग्ने ठरवली. मी ह्या बेटावर गेली नऊ वर्षे राहतो. ह्या काळात जे शहाणपण अंगी आले त्यातले बरेचसे दंडाच्या पावतीसह आले असल्यामुळे, ते आपणास विनामूल्य देताना मला विशेष आनंद होत आहे.

आपण परक्या मुलखात चाललो आहोत ही भीती आधी मनातून काढून टाकावी. समुई ज्या प्रांतात मोडते त्याचे नाव सुरात थानी, आणि हे नाव १९१५ साली राजा वजिरावुध ह्यांनी आपल्या शेजारच्या सुरतेवरून ठेवले. सुरत म्हटल्यावर तापी हवीच, म्हणून तेथील नदीही तापी झाली. भुसावळच्या माणसाने पाटी वाचून डोळे पुसावेत अशी ही सोय आहे. मात्र हे नाते व्हिसाच्या खिडकीवर सांगू नये. मी एकदा सांगून पाहिले. खिडकीमागच्या बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले, गोड हसल्या आणि पासपोर्टच्या एका पानाची झेरॉक्स जोडायची राहिली असल्याचे दाखवून दिले.

गोऱ्या माणसाला थाई भाषेत 'फरांग' म्हणतात. आपल्या 'फिरंगी'चा तो सख्खा भाऊ असून पेरूलाही तोच शब्द आहे. आपण मात्र पेरू नाही. भारतीय माणसासाठी 'खॅक' असा निराळा शब्द आहे आणि त्याचा एक अर्थ आहे पाहुणा. हे कळल्यावर नव्याने आलेला माणूस गहिवरतो आणि त्याला 'अतिथी देवो भव' आठवते. आपण स्वतः पाहुण्यांशी कसे वागत होतो, तेही त्याने जरा आठवून पाहावे. केव्हा आलात हे आपण प्रेमाने विचारत होतो आणि परतीचे तिकीट कधीचे आहे हे त्याहूनही प्रेमाने. थायलंडच्या राज्यकर्त्यांनी हीच विचारपूस १९७९ च्या कायद्यात नीट लिहून ठेवली असून, दीर्घकाळ राहणाऱ्या परदेशी माणसाने दर नव्वद दिवसांनी तिचे उत्तर द्यावयाचे असते. 'टीएम ४७' नावाचा अर्ज भरून आपण जेथे राहत होता तेथेच अजूनही राहत आहात, एवढेच त्यात कळवायचे. ठरलेल्या तारखेच्या आधी पंधरा दिवस आणि नंतर सात दिवस हे कळवण्याची मुभा असते. त्यानंतर मात्र, आपण कोठेही गेला नव्हता ही बातमी उशिरा दिल्याबद्दल २,००० बाट दंड भरावा लागतो.

ह्याच्या जोडीला 'टीएम ३०' आहे. परदेशी माणूस घरी उतरला की घरमालकाने चोवीस तासांच्या आत सरकारला तसे कळवावे, असा हा नियम. कळवायचे मालकाने, पण ते न कळवल्याचा भुर्दंड पडतो तो खिडकीसमोर उभ्या असलेल्या भाडेकरूला, कारण तेथे दुसरे कोणी उभेच नसते. हा अन्याय आहे असे मला पहिली चार वर्षे वाटत होते. पुण्यातली माझी एक खोली मी परगावच्या मुलांना भाड्याने देत असे आणि त्यांची माहिती पोलीस ठाण्यात देण्यासाठी त्यांच्याच आधारकार्डाच्या प्रती त्यांच्याच खर्चाने त्यांच्याकडूनच काढून घेत असे, ही गोष्ट मला पाचव्या वर्षी आठवली. आपणास ती आधीच आठवल्यास वेळ वाचेल.

निवृत्तांना राहण्याच्या परवानगीची मिळणारी वार्षिक मुदतवाढ हा बेटावरचा सर्वांत मोठा सण समजावा आणि त्याची तयारी तशीच आधीपासून करावी. वय पन्नास पूर्ण हवे, ही अट आपण सहज पार कराल. मग थाई बँकेत ८ लाख बाट ठेवावे लागतात, तेही अर्जापूर्वी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने हात न लावता. त्यापुढेही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. थोडक्यात, हे पैसे आपले असतात, पण वापरायचे नसतात, जसा आपल्याकडे दर्शनी खोलीतला काचेचा कपसेट. पासबुकात त्याच दिवसाची नोंद दिसावी लागते, म्हणून मुदतवाढीच्या सकाळी बेटावरचे सुखवस्तू वृद्ध बँकेच्या यंत्रापाशी रांगेत उभे राहून शंभर-शंभर बाट भरताना दिसतात. घराचा नकाशा हाताने काढून न्यावा. त्यात वळणावरचे कपडे धुण्याचे दुकान दाखवावे, देऊळ दाखवावे आणि उत्तर दिशा दाखवण्यास विसरू नये. भूगोलाचे गुरुजी ज्यासाठी छड्या मारत होते ते ज्ञान पन्नास वर्षांनी येथे उपयोगी पडते. घराच्या क्रमांकाजवळ उभे राहून छायाचित्र काढावे, त्यात फार आनंदी दिसू नये. प्रत्येक पानावर सही करावी. अर्ध्या विजारीत जाऊ नये. आणि झेरॉक्सवाल्या मावशींशी कोणत्याही परिस्थितीत वैर धरू नये, कारण बारा ते एक ह्या जेवणाच्या सुट्टीत आपला खरा आधार त्याच असतात.

हे सारे पार पडल्यावर, नाशिकला भाचीचे लग्न आहे म्हणून आपण आनंदाने विमानात बसाल. बसा. परतीची वेगळी परवानगी आगाऊ न घेता देश सोडल्यास मुदतवाढ आपोआप रद्द होते. ती परवानगी एका वेळेसाठी १,००० बाटांना मिळते. मी हे हजार बाट वाचवले होते. लग्न सुरेख झाले.

रिकामा वेळ कसा घालवावा, हा प्रश्न पुढे उभा राहील, आणि एखादे छोटेसे काम करावे असे आपल्या मनात येईल. येऊ देऊ नये. कामाच्या परवान्याशिवाय केलेले काम हा गुन्हा आहे आणि काही कामे तर परवाना मागूनही परदेशी माणसाला मिळत नाहीत. वाटाड्या होता येत नाही, केस कापता येत नाहीत, थाई मालिश करता येत नाही. ह्याच प्रांतात माडावर चढून नारळ पिरगळून खाली टाकण्यासाठी शिकवून तयार केलेली माकडे पिढ्यान्‌पिढ्या काम करत आली आहेत. दुपारी ओसरीवर स्वस्थ बसून त्यातले एखादे माकड पाहताना, ह्या बागेत कमावते कोण आणि नुसते बसून खाणारे कोण, ह्याचा विचार मनात येतो. तेव्हा डोळे मिटून घ्यावेत.

जमिनीबद्दल फार बोलण्यासारखे नाही, कारण ती आपल्या नावावर होणार नाही. परदेशी माणसाला घराच्या भिंती आणि छप्पर घेता येते, पण त्याखालची जमीन तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने. मोठ्या इमारतींतील सदनिका मिळतात, पण एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच. ज्यांच्या आजोबांची कोकणातली वाडी कूळकायद्यात गेली, त्यांच्या घरी अजूनही जेवताना तो विषय निघतो. त्याच आजोबांचा नातू येथे स्वखुशीने कूळ होऊन राहतो, आणि तेही कायदा नसलेले कूळ. साठाव्या वर्षी पट्टा केल्यास तो नव्वदाव्या वर्षी संपतो, तेव्हा पुढची सोय काठी टेकत नव्याने पाहावी लागेल. त्या वयात व्यायाम चांगलाच.

आता वाहतुकीकडे वळू, कारण समुईवरचे सगळे रस्ते शेवटी तिच्याकडेच वळतात. बेटाभोवती सुमारे ५० किलोमीटरचा एक वाटोळा रस्ता आहे, ज्याचा लाभ असा की चुकलात तरी पुढे जात राहिल्यास पुन्हा घरी पोहोचता. त्यावर टॅक्सी धावतात. त्यांच्या टपावर 'टॅक्सी मीटर' असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते आणि आत मीटरही असतो. ह्या मीटरला हात लावण्याचा आग्रह धरणारा माणूस कालच उतरलेला आहे हे चालकाला तत्काळ कळते आणि भाडे त्या प्रमाणात वाढते. मीटर हा देवघरातल्या शंखासारखा समजावा: असावा, पुसावा, वाजवलाच पाहिजे असे नाही. पुण्यातल्या रिक्षावाल्यांशी आपण आयुष्यभर जे वाद घातले, ते आपणास येथे उपयोगी पडतील असे वाटत असेल, तर तसे नाही. तेथे आपणास भाषा येत होती. स्वस्तात जायचे तर 'सोंगथॅव' आहे. सोंगथॅव म्हणजे दोन ओळी: मालवाहू गाडीच्या मागे समोरासमोर दोन बाके. दिवसा ती ठरलेल्या दरात, वाटेतल्या प्रत्येक माडापाशी थांबत जाते आणि अंधार पडल्यावर तिचीही टॅक्सी होते.

म्हणून आपण स्कूटर भाड्याने घ्याल. सगळेच घेतात. पासपोर्ट ठेवून घेतला जाईल, वाहन परवाना कोणी विचारणार नाही. तो पुढच्या चौकीवर पोलीस विचारतील, आणि त्यानंतर रुग्णालयातून पाठवलेल्या बिलावर विमा कंपनी विचारील. सायलेन्सरला उजवी पोटरी टेकून पडलेला गोल डाग हा येथील रहिवाशाचा खरा शिक्का आहे. त्याला मुदतवाढ लागत नाही.

वीज आणि पाणी ह्या विषयांत गावाकडे वाढलेल्यांना काही शिकवण्याची गरज नाही. वीज मुख्य भूमीवरून समुद्राखालच्या तारांतून येते. डिसेंबर २०१२ मध्ये त्या तारा निकामी झाल्या आणि ऐन हंगामात बेट जवळजवळ तीन दिवस अंधारात राहिले, अशी आठवण जुने लोक आजही अभिमानाने सांगतात. उन्हाळ्यात नळ कोरडे पडले की टँकर बोलवावा. फरक इतकाच, की टँकरची वाट पाहताना समोर क्षितिजापर्यंत पाणीच पाणी असते.

पावसाची मात्र गंमत आहे. भारतातल्या नातेवाइकांना थायलंड म्हणजे एकच हवामान वाटते आणि ते दिवाळीची सुट्टी साधून येतात. पश्चिमेकडच्या फुकेतला त्या वेळी आभाळ मोकळे होऊ लागलेले असते. आखातातल्या समुईवर ऑक्टोबर ते डिसेंबर हाच खरा पावसाळा, आणि नोव्हेंबर त्यातला सर्वांत ओला. हे आधी सांगू नये. सांगितल्यास ते फेब्रुवारीत येतात आणि दहा दिवसांऐवजी तीन आठवडे राहतात.

ह्या पाहुण्यांना बाजारात नेताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. दुधाच्या बाटलीवरची मुदत सव्विसाव्या शतकातली पाहून मेहुणे थक्क होतील. त्यांना बौद्ध सनातून ५४३ वजा करण्यास शिकवावे, शके मोजणाऱ्या समाजाला हे जड जाऊ नये. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. हातगाडीवर कढईतून येणारा ओळखीचा वास तुळशीचाच असतो. 'कफ्राव' म्हणजे आपली अंगणातली तुळस, आणि ती बहुधा डुकराच्या खिम्यात परतलेली असते. सासूबाई बरोबर असल्यास पालकाची भाजी आहे असे सांगून पुढे चालावे. शाकाहारी म्हणून मागवलेल्या पालेभाजीत 'नाम प्ला', म्हणजे माशांचे पाणी, असतेच. त्याबद्दल चौकशी केल्यास मासा काढून टाकला आहे असे प्रामाणिक उत्तर मिळते.

सायंकाळी परदेशी रहिवाशांची एक मंडळी किनाऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात जमते. जर्मन, इंग्रज, रशियन आणि एक मी. तेथे थायलंड कसा बिघडला, पूर्वी भाडे किती होते, गर्दी किती वाढली, आणि हे सगळे नव्याने येणाऱ्यांमुळे कसे झाले, ह्यावर चर्चा होते. आपण आल्यावर ती आपल्याविषयी असेल, तरी खुर्ची ओढून सामील व्हावे आणि दोन वर्षांत आपल्यानंतर आलेल्यांविषयी बोलू लागावे. 'मग तुम्ही परत का जात नाही?' हा प्रश्न ह्या मंडळीत कोणी कोणाला विचारत नाही. कॉफी आणणारी मुलगी सगळे ऐकत असते आणि 'माय पेन राय' म्हणते; कोल्हापूरकडच्या 'चालतंय की'चा हा थाई अवतार असून, त्यापुढे तक्रार नेण्यासाठी वरचे न्यायालय नाही.

माझ्या घराच्या कोपऱ्यात एका खांबावर छोटेसे देऊळ आहे. थाई लोक त्याला 'सान फ्रा फूम' म्हणतात. फूम म्हणजे आपली भूमी. त्या जागेचा मूळ मालक तेथे राहतो, कोकणातल्या राखणदारासारखा. घरमालकीण मावशी रोज सकाळी त्याच्यापुढे उदबत्ती लावतात आणि लाल शीतपेयाची उघडलेली बाटली नळीसकट ठेवतात. गेल्या महिन्यात मावशी आपल्या मुलीकडे बँकॉकला गेल्या होत्या आणि जाताना हे काम माझ्याकडे सोपवून गेल्या. पहिल्या दिवशी मी बाटली उघडली, नळी घातली आणि थोडा वेळ हात जोडून उभा राहिलो. माझा नव्वदावा दिवस त्याच आठवड्यात येत होता आणि घरमालकाची सही असलेला कागद मावशींच्या कपाटात कुलूपबंद होता. दुसऱ्या दिवशी मी दोन बाटल्या ठेवल्या.