पेपर दाखवा, तपासणाऱ्याचं नाव नको

दादाने गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर एक लांब मजकूर टाकला आणि तेव्हापासून माझं डोकं ठणकतंय. दादा म्हणजे माझ्या थोरल्या काकांचा मुलगा, गोव्यात फोंड्याच्या हायस्कुलात जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेला. त्याची एक जुनी विद्यार्थिनी आता कॉलेजात शिकवते. तिने गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी एका सरकारी खात्याकडे निधी मागितला होता. बऱ्याच महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: तज्ज्ञ समितीने प्रस्तावाची शिफारस केलेली नाही. समितीत कोण होतं, गुण किती पडले, चुकलं कुठे, काही नाही. विचारलं तर म्हणे, समितीचं कामकाज गोपनीय असतं.

यावर दादाची मागणी अशी की आलेला प्रत्येक अर्ज, त्यावरचा प्रत्येक शेरा आणि शेरा लिहिणाऱ्याचं नाव वेबसाइटवर टाका. बैठक थेट दाखवा, विधानसभेची दाखवतात तशी. ‘पैसा लोकांचा, रोग लोकांचा, मग कागद साहेबाच्या कपाटात कशाला? लपवतात म्हणजे खातात.’ खाली आतेभावांपासून वहिनींपर्यंत सगळ्यांचे अंगठे.

‘लपवतात म्हणजे खातात.’ या तीन शब्दांनी मला खरा राग आला, कारण गेली तीन वर्षं मी अशाच एका बंद खोलीत बसते आहे.

मी इंग्लंडमध्ये स्विंडनला राहते. सकाळी जीपी सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, रिसेप्शनला असते आणि वर्षातून तीनदा, बॉक्सरूममध्ये लॅपटॉप उघडून, इथल्या सरकारी आरोग्य-संशोधन निधीच्या एका कमिटीवर पब्लिक मेंबर, म्हणजे सामान्य लोकांपैकी एक, म्हणून बसते. मी शास्त्रज्ञ नाही. माझ्या घरात कर्करोग होऊन गेला, एवढ्या पात्रतेवर मला घेतलं. बैठकीच्या तीन आठवडे आधी अर्जांचा गठ्ठा येतो. त्यातल्या कर्करोगाच्या अर्जांत रुग्णाला काय सोसावं लागणार आहे ते मी बघते: किती खेपा घालायच्या, किती वेळा सुई टोचणार, बसचं भाडं कोण देणार. त्या अर्जांतलं अक्षरही मी इथे लिहिणार नाही, तशी सही केली आहे, आणि ती सही मला शपथेसारखी वाटते.

पण पद्धत सांगता येते, ती गुप्त नाही. कमिटीवर कोण आहे ते वेबसाइटवर असतं. कोणाचं विद्यापीठ, कोणाचा विद्यार्थी, कोणाबरोबर लिहिलेला शोधनिबंध, हे आधी जाहीर करावं लागतं आणि तो अर्ज आला की त्या माणसाला बाहेर काढतात. मोठे मोठे प्रोफेसर निमूट बाहेर जातात आणि इतिवृत्तात तशी नोंद होते. मंजूर झालेल्या कामाची रक्कम आणि सोप्या भाषेतला सारांश सगळ्यांना वाचता येतो. नामंजूर झालेल्याला परीक्षकांचे शेरे मिळतात, नावं काढून. गुप्त राहतं ते एवढंच: न छापलेली कल्पना आणि तिच्यावर कोण काय बोललं.

कल्पना का झाकायची, हे दादाला मी गणितासारखं मांडून दाखवलं. अर्जात माणूस अजून न केलेला प्रयोग लिहितो. तो वेबसाइटवर गेला तर ज्याची प्रयोगशाळा मोठी तो आधी करून मोकळा होईल. शिवाय एकदा जगजाहीर झालेल्या गोष्टीला नावीन्य उरत नाही आणि मग पेटंट मिळणं कठीण. म्हणजे उघडेपणाचा फटका पहिल्यांदा बसेल तो त्याच्या विद्यार्थिनीलाच, छोट्या कॉलेजातल्या मुलीला.

आणि परीक्षकाचं नाव? दादा, आपल्या वाड्यावरचं नाटक आठव, असं मी लिहिलं. स्पर्धेचे परीक्षक कोण ते सगळ्यांना ठाऊक. निकालानंतर जत्रेत त्यांना गाठून लोकांनी कसं धरलं होतं! पुढच्या वर्षी त्यांनी सगळ्याच नाटकांना छान छान म्हटलं. कर्करोगाच्या एखाद्या बारीक शाखेत देशभरात पंधरावीस जाणकार असतात. उद्या ज्याच्या हाताखाली नोकरी मागायची आहे, त्याच्या प्रस्तावाखाली ‘हा प्रयोग चुकीचा आहे’ असं स्वतःचं नाव घालून कोण तरुण लिहील?

दादा गप्प बसणारा नाही. रात्री त्याने १९७४चा अमेरिकन निकाल काढला. तिथल्या सरकारकडून निधी मिळालेल्या संशोधकांचे अर्ज एका संस्थेने मागितले होते, आणि संशोधक हा व्यापारी नसल्यामुळे त्याचा आराखडा व्यापारी गुपित ठरत नाही, असं वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने म्हटलं. बरोबर आहे. पण त्याच निकालात कोर्टाने परीक्षकांचे अहवाल मात्र सरकारचा अंतर्गत विचारविनिमय म्हणून झाकून ठेवू दिले, ते दादाने सांगितलं नाही. मी सांगितलं. आणि आपल्या सुप्रीम कोर्टाचा सीबीएसई खटल्यातला २०११चा निकालही सांगितला: विद्यार्थ्याला तपासलेली उत्तरपत्रिका दाखवा, तपासणाऱ्याची ओळख झाका. दादाने आयुष्यभर एसएससीचे पेपर तपासले. त्या गठ्ठ्यांवर स्वतःचं नाव जाहीर झालेलं त्याला चाललं असतं का?

इथपर्यंत मी जिंकत होते. मग मी लिहिलं, ‘तुमच्याकडे सगळ्या गोष्टींत संशयच आधी.’ त्यावर त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘तुमच्याकडे हा शब्द तू कधीपासून वापरायला लागलीस, बाय?’

मी फोन पालथा घातला. दुसऱ्या दिवशी कचऱ्याचे डबे बाहेर काढायचे होते, ते काढले. कामावर जाताना गाडी स्टेशनवरून नेली. तिथे पलीकडेच पोलॅरिस हाऊस आहे, या देशाच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा पत्ता. कोट्यवधी पौंड कुठे जायचे ते ज्या संस्थांच्या कागदांवर ठरतं, त्यांची इमारत. तिच्यासमोरून आमची गोव्याची माणसं पहाटे वेअरहाऊसच्या बसला धावतात आणि त्यातलं कोणी वर बघत नाही. मला तिथे खूप अभिमान वाटायचा, की यांच्यातली मी एक आहे जिला आत काय चालतं ते कळतं. त्या सकाळी तो वाटला नाही.

कारण मला स्वीडन आठवत होतं, आणि स्वीडनचं मी दादाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९९५ साली शिष्यवृत्तीसाठी आलेल्या ११४ अर्जांना दिलेले गुण दोन संशोधिकांनी मागितले. कौन्सिलने गोपनीय म्हणून नकार दिला. त्या कोर्टात गेल्या, आणि छापण्याच्या स्वातंत्र्याच्या कायद्याखाली ते कागद उघडे झाले. हिशेब मांडल्यावर दिसलं की पुरुषाइतके गुण मिळवायला बाईला सरासरी अडीचपट काम दाखवावं लागत होतं, आणि कमिटीतल्या कोणाशी ओळख असेल तर गुण वाढत होते. तो माणूस स्वतः मतदानाला बसत नसतानाही! १९९७ साली हे ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात छापून आलं. स्वीडनसारखा देश, बाहेर जायचा नियम पाळणारी माणसं, आणि तरीही. दादाच्या भाषेत सांगायचं तर लपवत होते आणि खात होते, फक्त खाणाऱ्यांना आपण खातोय हे ठाऊक नव्हतं.

आमच्या खोलीतही मोठं नाव आलं की आवाज मऊ होतात. मी ते ऐकलं आहे. पहिल्या वर्षी मी बोललेही नाही.

म्हणून दादाशी माझं भांडण आता वेगळ्या जागी येऊन थांबलंय. कल्पना झाकाव्यात, परीक्षकाचं नाव शेऱ्याशी जोडू नये, यावर मी ठाम आहे. पण गुण, कारणं, कोण कितीदा बाहेर गेलं, कुठल्या संस्थांना किती वेळा होकार मिळाला, हे झाकायचा कोणालाही अधिकार नाही. एका ओळीचं उत्तर हा त्या मुलीचा अपमान आहे. आणि दार उघडं की बंद, याच्याइतकंच आत कोणाला बसवलंय हे मोलाचं आहे. आपल्याकडे (हो, आपल्याकडे) औषधांच्या चाचण्यांच्या नीतिमत्ता समितीत एक सामान्य माणूस असलाच पाहिजे असा नियम आहे. तसाच माणूस पैसे ठरवणाऱ्या टेबलाशीही बसवा. बायकांच्या कर्करोगाचे प्रस्ताव असतील तर तो रोग सोसलेली बाई बसवा.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८पासून टाटा हॉस्पिटलने एक मोठा प्रयोग केला. सुमारे दीड लाख बायका. अर्ध्यांची दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाला व्हिनेगर लावून साध्या आरोग्यसेविकांनी तपासणी करायची, उरलेल्यांना फक्त रोगाची माहिती द्यायची. तपासलेल्या बायकांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, हे २०१३ साली जाहीर झालं. पैसा एनआयएचचा, म्हणजे अमेरिकन सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेचा होता, म्हणजे हा प्रस्तावही अशाच एका बंद खोलीतून पार झाला. व्हिनेगरमागे कुठलीच कंपनी उभी राहणार नव्हती. हे मी नेहमी बंद खोलीच्या बाजूने सांगते. पण उरलेल्या अर्ध्या बायकांना का तपासलं नाही, हा प्रश्न नंतर जगभर विचारला गेला, आणि त्या बायकांपैकी एखादी त्या टेबलाशी असती तर तो आधीच विचारला गेला असता.

माझी आई त्याच रोगाने गेली. तिला कधीच कोणी तपासलं नव्हतं. घरात रोगाचं नाव घेतलं जात नसे, ‘पोटात दुखतंय’ एवढंच. मी इथे नवीन होते, पगार तासावर. ‘तिला सांगू नका, तिकडे एकटी आहे’ असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. तिला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात कोणी नेलं, मग कोकणकन्येने परळला टाटात कोणी नेलं, रिपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन रात्रभर कोण जागलं? दादाने. ती दोतोराला काय विचारत होती, ते त्याला माहीत आहे, मला नाही. माझ्याबद्दलचा निर्णय बंद खोलीत झाला आणि मला एका ओळीत कळवला गेला, हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. माझ्या लेकीला इथे इयर एटमध्ये शाळेतच या रोगाविरुद्धची लस मिळाली, त्या दिवशी मी गाडीत बसून रडले आणि घरी कोणाला सांगितलं नाही.

बुधवारी मी दादाला फोन केला. म्हटलं, माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करू, पण नीट करू. परीक्षकांची नावं नको, ती मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. त्या मुलीच्या प्रस्तावाला पडलेले गुण माग, नावं खोडलेले शेरे माग, पाच वर्षांत किती सदस्य हितसंबंधामुळे बाहेर बसले ते माग. तो म्हणाला, ‘तूच लिही, तुझी भाषा बरी.’ मी रात्री बसून लिहून काढलं, सात प्रश्न.

इथल्या कायद्यात जगातला कुठलाही माणूस सरकारला असा प्रश्न विचारू शकतो, पासपोर्ट कोणी बघत नाही. आपला कायदा तो हक्क नागरिकांना देतो. आजोबांच्या जन्माच्या दाखल्यावर मी पोर्तुगीज झाले, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड घेऊन गणपतीला घरी येते, पण हा अर्ज माझ्या नावाने जाऊ शकत नाही. मजकूर मी पाठवलाय. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर दादा फोंड्याहून घेणार आहे. शेवटी एक जागा मी रिकामी ठेवली होती. तिथे ‘मी भारतीय नागरिक आहे’ असं त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि फोटो काढून मला पाठवला.