अल्बमच्या आधीचं डार्क साइड ऐकाच

एका लेखात वाचलं, त्यात म्हटलंय का कॉन्सर्टच्या जुन्या लाइव्ह टेपा म्हणजे नुसती खरखर, त्यापेक्षा अल्बम ऐका अन् मोकळे व्हा. नाही भौ, हे काही पटलं नाही. पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचंच घ्या ना, त्यांचा डार्क साइड ऑफ द मून हा अल्बम बाजारात आला मार्च 1973 मध्ये पण हे लोक जानेवारी 1972 पासूनच ते सगळं स्टेजवर वाजवत होते, इंग्लंडातल्या ब्रायटनला तर मनी या गाण्यापाशी येता येता स्टेजवर सोबत वाजणारी टेपच बिघडली अन् पुढचं तिथंच सोडावं लागलं. त्या वर्षीच्या रेकॉर्डिंगमध्ये अल्बमवरच्या ऑन द रन या तुकड्याचा तो सिंथेसायझरचा गरगराट नाहीच, गिटार-कीबोर्डचा मोकळा जॅम, म्हणजे सुचेल तसं वाजवणं हाय, अन् द ग्रेट गिग इन द स्काय या गाण्याच्या जागी अल्बमवरचं बाईचं गाणं नाही तर ऑर्गन अन् वरून बायबलचं वाचन! आमच्याकडं भजनी मंडळ एकच पद गावोगावी म्हणता म्हणता घडवते तसंच झालं हे. 1974 च्या सेटलिस्टमधलं, म्हणजे कॉन्सर्टच्या गाण्यांच्या यादीतलं, रेव्हिंग अँड ड्रूलिंग हे गाणं पाहा, तेच 1977 ला अॅनिमल्स या अल्बमवर शीप नावानं आलं.

वावरात रात्रीची लाईन असली का हरभऱ्याचे तुषार फिरतात अन् माझ्या कानात लंडनच्या रेनबो थिएटरची 1972 ची पिंक फ्लॉइडची टेप, मागं कोणी खोकललं तरी ऐकू येते, मला तर मजाच वाटते त्याची.

हं, काही टेपा खरंच ऐकवत नाहीत, तेवढं लेखकाचं बरोबर. तारीख अन् गाव लिहिलेलीच घ्या, नाहीतर चार कॉन्सर्टचे तुकडे जोडलेले निघतात बाप्पा.