"काकांना सवय आहेच ना!"

डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांबलचक होईल, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे जा.

आज सोसायटीची मीटिंग होती. रविवारच्या कार्यक्रमाला गेट आणि पार्किंग कोण बघणार? सगळ्यांच्या माना माझ्या बाबांकडे वळल्या. "काका आहेत की! त्यांना सवय आहेच." हशा. बाबाही हसले.

सवय म्हणजे काय ते सांगतो. पुण्यात विसर्जनाची मिरवणूक सकाळी मंडईतून निघते आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. आपण गणपती बघतो. बंदोबस्तातला पोलीस गणपतीकडे पाठ करून, गर्दीकडे तोंड करून उभा असतो. बाबांनी पोलिसात 33 वर्षं नोकरी केली. घरचा गणपती आई, ताई आणि मीच बोळवायचो. मी सहा वर्षांचा असताना आई आम्हाला अलका टॉकीजच्या चौकात घेऊन गेली, लांबून बाबा दाखवायला. मी जीव तोडून हाका मारल्या. त्यांनी बघितलं आणि हातानं खूण केली, 'मागे सरका.' बास. कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोललो नव्हतो.

2015 ला 58 पूर्ण झाली, रिटायर झाले. त्या वर्षी पहिल्यांदाच सगळे मिळून घाटावर गेलो. आरती सुरू झाली आणि बघतो तर बाबा मूर्तीकडे पाठ करून उभे, नजर लोकांवर! ताईनं दंडाला धरून वळवलं, तेव्हा केवढे ओशाळले. ही ती सवय, सेक्रेटरीसाहेब. हसा आता.

खात्यात सगळे धुतल्या तांदळासारखे नसतात, मला माहितीय, कमेंटमध्ये शिकवू नका. आणि हो, 2016 मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यापासून आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, छानच झालं. बाबा आदल्या वर्षीच घरी बसले होते.

आता बाबा नातीच्या ड्युटीवर असतात. सकाळी बोटाला फडकं गुंडाळून तिचे बूट पॉलिश करतात, सुरुवात टाचेपासून. "पुढून सगळेच चमकवतात, साहेब मागून बघतो," असं तिला सांगतात. माझ्या बुटांना या माणसानं कधी हात लावला नव्हता. असो. आईच्या गोळ्याही तेच वारांप्रमाणे डबीत भरून ठेवतात, आणि आई अजूनही एकदा मोजून घेते.

तर, रविवारीच नातीचं गॅदरिंग आहे. घरी आल्या आल्या मी भांडायलाच गेलो. "सरळ नाही म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

"कळवलंय की," म्हणाले आणि वहीतली स्थळप्रत, म्हणजे दिलेल्या अर्जाची आपल्याकडची नक्कल, पुढे केली. हो, स्थळप्रतसुद्धा ठेवलीय.

'मा. सेक्रेटरी यांस, रविवारी नातीचे गॅदरिंग असल्याने एक दिवसाची किरकोळ रजा मिळावी, ही विनंती.'

रजा! यांच्याकडे! मी तोंड उघडणार, तेवढ्यात खालची ओळ दिसली.

'बदली म्हणून चिरंजीव गेटवर हजर राहतील.'