सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्यावरचा चेहरा ओळखता येतो? थांबा जरा

नागपूरच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज थोडक्यात असा: 'सिंगल फोटॉन कॅमेरा आला आहे. सेमिनरी हिल्सवर बसून फुटाळा तलावावर भुट्टा खाणाऱ्याचा चेहरा ओळखता येतो. धुक्यातून, भिंतीपलीकडूनसुद्धा. लवकरच मोबाईलमध्ये.' फोटॉन म्हणजे प्रकाशाचा एक कण. मुळाशी खरी बातमी आहे. २०२५ साली स्कॉटलंडच्या हेरिअट-वॉट विद्यापीठाच्या गटाने १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेझरने ४५ आणि ३२५ मीटरवरून माणसाच्या चेहऱ्याची त्रिमितीय प्रतिमा मिळवली, चाचण्या १ किलोमीटरपर्यंत घेतल्या. बाकीचं मीठमसाला.

'१ किलोमीटरवरून मिलिमीटरचा तपशील.' हा मिलिमीटर खोलीचा, म्हणजे पुढे-मागे असण्याचा आहे, आडव्या-उभ्या बारकाव्याचा नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो. खोली वेळेवरून मोजतात: पल्स, म्हणजे लेझरचा क्षणिक झोत, जाऊन परत यायला १ किलोमीटरला ६.६७ मायक्रोसेकंद लागतात आणि वेळ मोजण्यात १३ पिकोसेकंदांची (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग) चूक म्हणजे सुमारे २ मिलिमीटर. आडवा बारकावा मात्र भिंगावर ठरतो. १० सेंटीमीटरच्या भिंगाने १ किलोमीटरवर लेझरचा ठिपका दीड-दोन सेंटीमीटरच्या आत येत नाही. म्हणजे चेहऱ्याच्या रुंदीत आठ-दहाच ठिपके. नाक पुढे आलेलं कळेल, नाक कुणाचं ते नाही. त्यात मे महिन्यातल्या दुपारी डांबरावरून हवा थरथरते तेव्हा ठिपका आणखी फिसकटतो.

'एका फोटॉनमध्ये फोटो निघतो.' हिशेब करून बघा. ०.१ मिलिवॉटचा लेझर, सेकंदाला १ लाख पल्स: प्रत्येक पल्समध्ये साधारण ८ अब्ज फोटॉन. समोरचा पृष्ठभाग १० टक्के प्रकाश परतवतो असं धरलं, तर १ किलोमीटरवरून त्याच भिंगात परत येतात दोन. काच, फिल्टर आणि डिटेक्टर (फोटॉन टिपणारं उपकरण) यांत बहुतेक गळतात. पाच पल्समागे एखादा नोंदला गेला तर बरं. म्हणून एकाच ठिपक्यावर मिलिसेकंदभर, म्हणजे १०० पल्स, थांबून वेळांचा आलेख जमवतात. २५६ बाय १२८ ठिपक्यांना असे ३३ सेकंद लागतात. तेवढा वेळ भुट्टा खाणाऱ्याने मान हलवायची नाही!

पल्स वाढवून वेळ वाचवू म्हटलं, तर वेगळंच दुखणं. सेकंदाला १० लाख पल्स केल्या की दर १५० मीटरला अंतराची गल्लत होते: आलेला फोटॉन कोणत्या पल्सचा, ते कळत नाही. आणि मध्ये खिडकीची काच असेल तर तिच्यावरून परतलेला उजेडच आधी डिटेक्टरवर आदळतो, नंतरचा खरा फोटॉन हुकतो. काच तिरकी ठेवणं, किंवा डिटेक्टर पल्सनंतर साडेसहा मायक्रोसेकंदांनीच उघडणं, हा त्यावरचा उपाय.

'धुक्यातून दिसतं.' दृश्यता २०० मीटर म्हणजे तेवढ्या अंतरात सुमारे २ टक्के प्रकाश उरतो. जाऊन-येऊन दहा हजारांत चार. १ किलोमीटरला तर दहा कोटी अब्जात एखादाच. दाट धुक्यात १५५० नॅनोमीटरलाही फारशी सवलत नसते. विरळ धुकं किंवा झाडांची पानं असतील तर फटींतून गेलेले फोटॉन वेळेवरून वेगळे काढता येतात, एवढं खरं.

भिंतीपलीकडचं? नाही. विटेतून हा प्रकाश जातच नाही.

मोबाईलचं म्हणाल, तर आयफोनच्या प्रो मॉडेल्समध्ये एकेक फोटॉन टिपणारा लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) २०२० पासून आहे. पल्ला ५ मीटर. हेरिअट-वॉटचा डिटेक्टर अतिसंवाहक (अतिथंडीत विजेला रोध न करणाऱ्या) तारेचा, उणे २७२ अंश सेल्सिअसच्या आसपास चालणारा. तेवढं थंड करायला हेलियमचं यंत्र आणि कॉम्प्रेसर लागतो, तो खिशात मावत नाही.