झुडपं गारठलेली नाहीत, कात्री आवरा

सोसायट्यांच्या ग्रुपांवर, घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत, सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: ‘यंदाच्या कडाक्याच्या थंडीने नवी लावलेली शोभेची झुडपं करपली. लगेच निम्मी छाटा, मूठभर युरिया द्या, पिवळ्या पानांसाठी एप्सम सॉल्ट घाला, रोज पाणी मारा. तरी फुटली नाहीत तर उपटून टाका.’

कडाक्याची थंडी म्हणे! दव गोठल्याचे फोटो येतात ते महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवरून. हा सल्ला बर्फाळ मुलखातला दिसतो. तिथे जमीन गोठते, मुळांना पाणी ओढता येत नाही आणि सदाहरित झुडपांची पानं तपकिरी पडतात. पण तिथलेही जाणते माळी कोंब फुटेपर्यंत छाटणी करत नाहीत, कारण पानं गेली तरी फांदी जिवंत असू शकते. म्हणजे हा मेसेज तिथेही चालायचा नाही.

आपल्याकडे पानांच्या कडा करपतात त्या कोरड्या वाऱ्याने आणि पाठोपाठच्या उन्हाने. 2025 मध्ये तर फेब्रुवारी संपायच्या आतच हवामान खात्याने मुंबई-ठाण्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता. अशात तगर निम्मी छाटली की सावलीत वाढलेल्या आतल्या फांद्या थेट उन्हात येतात. फक्त वाळलेल्या काटक्या काढा. शंका आली तर नखाने साल खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं की फांदी जिवंत. तपकिरी लागलं तर खाली सरकत खरवडा आणि हिरवं लागेल तिथवरच कापा. ‘उपटून टाका’लाही हेच उत्तर. चाफा तर हिवाळ्यात पानं गाळतोच, त्याला मेलेला ठरवणारे दरवर्षी भेटतात.

एप्सम सॉल्टची तर फॅशनच झालीय. एक्झोराची वरची, नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील तर बहुधा लोह कमी पडतंय. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, आणि मॅग्नेशियमची कमतरता आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसते. नव्या इमारतीच्या कडेचा पट्टा खणून बघा: दोन इंच लाल माती, खाली विटांचे तुकडे आणि सिमेंटचा चुरा. सिमेंटमधल्या चुन्याने माती अल्कधर्मी होते, मग लोह असूनही मुळांना घेता येत नाही. राडारोडा काढा, शेणखत मिसळा, गरज पडली तर चिलेटेड लोह (अशा मातीतही मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह) द्या. खाडी भरून केलेल्या जमिनीवर तर आधीच खारटपणा असू शकतो. तिथे आणखी एक क्षार कशाला ओतायचा?

युरियाचं थोडक्यात: नव्या रोपाची मुळं अजून नर्सरीच्या पिशवीएवढ्या गोळ्यातच असतात. त्यावर मूठभर युरिया म्हणजे मुळं भाजणार. त्यातून जास्वंदाला कोवळी फूट आलीच तर पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडीचीच सोय.

रोजचं पाणीही फसवं. पाईप फिरवला की वरची माती ओली दिसते, बोट खुपसलं की खाली ठणठणीत. सुकलेल्या गोळ्यात पाणी शिरत नाही, कडेने निघून जातं. आळं करून सकाळी सावकाश भरा आणि खालची माती सुकायला लागली की पुन्हा द्या. वर पालापाचोळा पसरा, बुंध्याला मात्र चिकटवू नका.

एवढं करूनही रोप सुकतच राहिलं तर बुंध्याजवळची माती उकरा. काळी पिशवी न काढताच लावलेली रोपं सापडतात. तशी निघाली तर कंत्राटदाराला बोलावून आख्खी रांग तपासून घ्या.